दूर्वा आणि वंशवृक्ष
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



'ज्ञानाचं आणि संस्कृतीचं जाळं' असा विषय सूचनाफलकावर लागला, तेव्हा आम्ही इंटरनेटविषयी बोलणार असा बऱ्याच जणांचा समज झाला. तसं नाही. आजचा विषय गेले काही दिवस रोज सकाळी आपल्या सगळ्यांच्या पूजेच्या ताटात आहे. तो म्हणजे दूर्वा. एकवीस दूर्वांची जुडी बांधताना आपण कोवळे अंकुर निवडतो आणि बाकीचं गवत बाजूला टाकतो. संस्कृती कशी वाढते, कशी टिकते, आणि दोन-चार पिढ्या हैद्राबादेत राहिलेली आपली मराठी घरं नेमकी कुठे उभी आहेत, या प्रश्नांचं एक चांगलं उत्तर त्या बाजूला टाकलेल्या गवतात आहे. एवढंच आज मांडायचं आहे.

ज्यांच्या घरी नांदेड, परभणी, बीडकडे शेती आहे किंवा होती, त्यांना दूर्वेचं दुसरं नाव माहीत आहे: हराळी. देवाला वाहिली की दूर्वा, रानात शिरली की हराळी. शेतकऱ्याला हराळी नकोशी वाटते, कारण तिचं उपटून टाकता येईल असं एक मूळ नसतं. ती जमिनीवरून सरपटते आणि जमिनीखालूनही पसरते. खालच्या त्या पेरं असलेल्या पांढऱ्या कांड्यांना शेतकरी 'काशा' म्हणतात. नांगराच्या फाळाने काशी तुटली की एका हराळीच्या दोन होतात, कारण प्रत्येक पेराला मूळही फुटतं आणि कोंबही. म्हणून नांगरटीनंतर काशा वेचून जाळाव्या लागतात. तैत्तिरीय परंपरेत दूर्वेची जी स्तुती आहे, तिच्यातही पेरापेरातून फुटण्याच्या याच गुणाचं कौतुक आहे. शेतकरी ज्याची तक्रार करतो, त्याचीच ऋषी स्तुती करतो.

हळद आणि आलं हेही याच जातीचे. आपण हळकुंड म्हणतो ते मूळ नसून जमिनीत आडवं वाढणारं खोड असतं. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला 'मूलक्षोड' म्हणतात, इंग्रजीत 'रायझोम'. हा शब्द तत्त्वज्ञानात आणला दोन फ्रेंच विचारवंतांनी. जिल दल्यूझ हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, फेलिक्स ग्वातारी हे मनोविश्लेषक. 1976 साली त्यांनी 'रायझोम' नावाचं छोटं पुस्तक काढलं. पुढे 1980 साली तेच त्यांच्या मोठ्या ग्रंथाची प्रस्तावना म्हणून आलं. त्या ग्रंथाच्या नावाचा अर्थ 'हजार पठारं' असा होतो. दख्खनच्या पठारावरच्या माणसाला ते नाव आवडेल, पण ग्रंथ वाचायला फार कठीण आहे हेही आम्ही आधीच सांगून ठेवतो. बटाटा आणि हराळीच्या जातीचं गवत ही उदाहरणं मात्र त्यांचीच आहेत.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ज्ञानाचा विचार करताना माणसं फार काळ झाडाचं चित्र डोळ्यांपुढे ठेवत आली आहेत. खाली एक मूळ, त्यावर एक खोड, खोडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या. झाडावर एका फांदीच्या पानाकडून दुसऱ्या फांदीच्या पानाकडे जायचं, तर आधी खोडापर्यंत उतरावं लागतं. हराळीचं वेगळं आहे. पहिली गोष्ट, तिथे कुठलंही पेर कुठल्याही पेराशी जोडलं जाऊ शकतं. दुसरी, अगदी वेगळ्या प्रकारच्या गोष्टीही एकमेकींना जोडल्या जातात. तिसरी, कुठेही तोडलं तरी तिथून वाढ पुन्हा सुरू होते. चौथी, तिचा उगम दाखवणारी वंशावळ मांडता येत नाही, फक्त नकाशा काढता येतो, आणि नकाशात कुठूनही शिरता येतं. या चारही गोष्टी पुढे आपल्याला लागणार आहेत.

झाडाचं चित्र आपल्याकडेही कमी नाही. घराघरात वंशवृक्ष असतो. गीतेच्या पंधराव्या अध्यायात वर मूळ आणि खाली फांद्या असलेला अश्वत्थ आहे. आम्ही सरकारी नोकरीतली माणसं तर दिवसभर झाडावरच असतो: फाइल खालून वर टिपणी घेत जाते आणि वरून खाली शेरा घेऊन येते. ग्रंथालयात गेलात तर तिथेही झाड आहे. 1876 साली मेल्विल ड्यूई यांनी तयार केलेल्या दशांश वर्गीकरणात सगळ्या ज्ञानाच्या दहा फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या दहा डहाळ्या आहेत. झाड वाईट असं कुणी म्हणणार नाही. त्याच्याशिवाय कचेरी चालत नाही आणि पुस्तकही सापडत नाही. प्रश्न एवढाच, की भाषा, कला, चालीरीती या गोष्टी झाडासारख्या वाढतात का?

आमच्यासारख्या डिप्लोमावाल्यांना यातला फरक पाण्याच्या पाइपवरून लवकर कळतो. शहरात पाणी वाटायच्या पद्धती शिकवतात, त्यांतल्या पहिलीचं नावच 'ट्री सिस्टिम' आहे. तिला 'डेड एंड' पद्धतही म्हणतात. एक मोठी मेन, तिच्यातून उपमेन, त्यातून गल्लीबोळांच्या लाइनी. खर्च कमी, हिशेब सोपा. पण मेन कुठे फुटली की पुढचा सगळा भाग कोरडा पडतो. आणि एरवीही प्रत्येक लाइनच्या टोकाला पाणी साचून राहतं, गाळ बसतो, ते खराब होतं. दुसरी पद्धत जाळीची. तिथे लाइनी एकमेकींना जोडलेल्या असतात. एक बाजू बंद पडली तरी दुसरीकडून पाणी येतं, आणि पाणी फिरतं राहिल्यामुळे ताजं राहतं. तिची अडचणही सांगितली पाहिजे. पाइप जास्त लागतात, व्हॉल्व्ह जास्त लागतात आणि देखभाल कायम करावी लागते. जाळं फुकट मिळत नाही, हा मुद्दा लक्षात ठेवू या.

आता भाषेकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट श्लायखर या जर्मन पंडिताने भाषांचा वंशवृक्ष मांडला. संस्कृत, ग्रीक, लॅटिन अशा भाषा एका मूळ भाषेच्या फांद्या. शाळेत आपण शिकलो ते हेच: मराठी इंडो-आर्य फांदीवर, तेलुगु द्राविड झाडावर, दोघींचा रक्ताचा संबंध नाही. पण 1872 साली योहानेस श्मिट यांनी या चित्राला हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं, की भाषेतले बदल पाण्यावरच्या लाटांसारखे पसरतात आणि शेजारच्या भाषेला भिजवतात. पुढे 1956 साली एम. बी. एमेनो यांनी 'भारत: एक भाषिक क्षेत्र' अशा अर्थाचा निबंध लिहिला. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा हजारो वर्षं शेजारी राहिल्यामुळे कशा एकमेकींसारख्या झाल्या, हे त्यांनी दाखवलं. ज्या वर्षी भाषेच्या रेषांवर आपल्या हैद्राबाद राज्याचे तीन तुकडे झाले, त्याच वर्षी हा निबंध छापला गेला.

याचा पुरावा आपल्या तोंडातच आहे. आम्ही आज बोलताना कधी 'आम्ही' म्हणतो, कधी 'आपण'. 'आम्ही'मध्ये ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. प्रमाण हिंदीत दोन्हींना एकच 'हम'. तेलुगुत मात्र बरोबर दोन शब्द आहेत, 'मेमु' आणि 'मनमु'. मराठीतला हा भेद द्राविड शेजारातून आला असं भाषातज्ज्ञ मानतात. 'चाक' म्हणतानाचा आपला दंत्य च तेलुगुतल्या 'चाला'मध्येही ऐकू येतो. अण्णा, अक्का आपण केव्हा घेतले हे आठवतही नाही. उलट दिशेने पाहा. हैद्राबादी दख्खनीतलं 'नक्को' आणि शब्दाला चिकटणारा ठसक्याचा 'च' मराठीतून गेले आहेत. तेलंगणच्या घरांत पुरणपोळीला 'पोलेलु' म्हणतात. वंशवृक्षावर तेलुगु आपली कुणीच लागत नाही. रोजच्या बोलण्यात ती सख्खी शेजारीण आहे.

जोडलं गेल्यावर आपलं वेगळेपण पुसलं जाईल का, अशी भीती इथे साहजिक आहे. त्याचं उत्तर सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडने दिलं आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी या गावच्या बोलींचा अभ्यास 1971 साली प्रसिद्ध केला. जगभरच्या भाषाशास्त्राच्या वर्गांत तो आजही शिकवला जातो. कुपवाडात कन्नड, मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगुही बोलली जात होती. अभ्यासकांना असं दिसलं, की शतकानुशतकांच्या शेजारामुळे या भाषांची वाक्यरचना जवळपास एकच झाली आहे. एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता येत होतं. तरीही शब्द ज्याचे त्याचे वेगळे राहिले होते, आणि प्रत्येक घर आपली भाषा घरात बोलत होतं. सांधे एक झाले, पण एकही भाषा मेली नाही.

भाषेचं जे, तेच नाटकाचं. 5 नोव्हेंबर हा आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा करतो, कारण 1843 साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' सादर केलं. हे झालं खोड. पण भाव्यांना ते सुचलं कशावरून? कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा यक्षगानाच्या धर्तीचा खेळ सांगलीच्या संस्थानिकांनी पाहिला आणि तसं काही मराठीत करायला भाव्यांना सांगितलं. म्हणजे खोडाखाली कन्नड काशी आहे. आणखी मागे गेलो तर सतराव्या शतकाच्या अखेरीस तंजावरला पोचतो. तिथले भोसले राजे शहाजी तमिळ मुलखात बसून तेलुगुत यक्षगानं लिहीत होते आणि मराठीत 'लक्ष्मीनारायण कल्याण'सारखं नाटकही. मग मराठी नाटकाचं मूळ सांगलीत, कर्नाटकात की तंजावरात? वंशवृक्ष काढायला बसलो तर भांडण होईल. नकाशा काढला तर तिन्ही ठिकाणं त्यात बसतात.

पुढची कडी तर आपल्या शहरातली आहे. सुरभी नाटक मंडळींची मायाबाजार, पाताळभैरवी ही नाटकं आपल्यापैकी अनेकांनी नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमध्ये पाहिली असतील. धूर, विजा, आकाशातून उतरणारे देव, पापणी लवायच्या आत बदलणारे पडदे. ही तेलुगु रंगभूमीची मोठी परंपरा 1885 साली कडप्पा जिल्ह्यातल्या सुरभी गावात वनारस गोविंदराव यांनी 'कीचकवध' नाटकाने सुरू केली. या घराण्याचे पूर्वज महाराष्ट्रातून तिकडे गेलेले, चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करणारे लोक. त्यांच्या घरात मराठीची एक बोली चालत आली आहे. आणि 'मायाबाजार'ची गोष्ट? बलरामाच्या मुलीचं अभिमन्यूशी लग्न लागतं ती. ती व्यासांच्या महाभारतात नाहीच. मराठीत तिला वत्सला म्हणतात, तेलुगुत शशिरेखा. मूकपटांच्या काळात कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तिच्यावर चित्रपट काढला. 1957 साली के. व्ही. रेड्डींनी तेलुगुत 'मायाबाजार' काढला, तो आजही घरोघरी पाहिला जातो. ही गोष्ट मुळात कुणाची, हे विचारण्यात अर्थ नाही. ती जिथे टेकली तिथे रुजली.

आपण ज्या भागात जमलो आहोत, त्या आबिड्सकडेही एकदा असं पाहा. नाव आलं सहाव्या निजामाच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिद या आर्मेनियन गृहस्थाच्या दुकानावरून. इथून निघणाऱ्या रस्त्याला टिळकांचं नाव आहे. त्या टिळक रोडवर रेड्डी हॉस्टेल आहे, आणि 1943 साली स्थापन झालेली, आज तेलंगण सारस्वत परिषद म्हणून ओळखली जाणारी तेलुगु साहित्यसंस्थाही आहे. रविवारी दुकानांची शटर बंद असतात तेव्हा फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागतात. तिथे ड्यूईसाहेबांचं काही चालत नाही. उर्दू शायरीखाली इंजिनिअरिंगचं गाइड निघतं, त्याखाली तेलुगु कादंबरी. शोधायला गेलेलं पुस्तक बहुधा मिळत नाही, आणि जे कधी शोधलंच नसतं ते हाताशी येतं. आपल्यापैकी कितीतरी जणांचं वाचन ग्रंथालयाइतकंच या फुटपाथवर झालं आहे.

आता एक कडू गोष्ट सांगायला हवी. ती टाळून हे व्याख्यान खरं होणार नाही. नोव्हेंबर 1921 मध्ये इथून जवळच, विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात, हैद्राबाद संस्थानातल्या समाजसुधारकांची परिषद भरली होती. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू, मराठी भाषणं शांतपणे ऐकली गेली. मग अल्लमपल्ली वेंकटरामराव हे वकील तेलुगुत बोलायला उभे राहिले, आणि सभेतल्या काही मराठी श्रोत्यांनी त्यांची टिंगल केली, गोंगाट केला. संस्थानात सर्वांत जास्त लोक ज्या भाषेत बोलत होते, त्या भाषेला त्या सभेत जागा नव्हती. त्याच वेळी माडपाटी हनुमंतराव, बुर्गुल रामकृष्णराव आणि इतर तेलुगु मंडळी बाजूला झाली आणि 'आंध्र जनसंघ' स्थापन झाला. त्यातून 1930 साली जोगीपेठेला आंध्र महासभा उभी राहिली.

ही घटना तेलंगणच्या इतिहासाच्या पुस्तकांत ठळक अक्षरांत असते. आपल्या स्मरणिकांत ती सहसा नसते. 1907 साली केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकवर्धिनी उभी केली, तिने कितीतरी पिढ्या घडवल्या, तो अभिमान आपला आहेच. पण त्याच संस्थेच्या छताखाली काही मराठी माणसांच्या डोक्यात झाड होतं: वर दरबारची भाषा, मग इंग्रजी, मग आपण, आणि खाली 'ते'. झाडाचं चित्र निरुपद्रवी नसतं. त्यात नेहमी कुणीतरी वर असतं आणि कुणीतरी खाली. जाळ्यातही मोठ्या गाठी आणि लहान गाठी असतात, तिथे सत्ता नसतेच असं समजायचं कारण नाही. फरक एवढाच, की तिथे वरची जागा कुणाला जन्मतः मिळत नाही.

आणि आपण तिसऱ्या गुणाविषयी बोललो होतो तो इथे पाहा: तोडलं तिथून पुन्हा फुटतं. तेलुगु मंडळी तुटून बाजूला झाली आणि त्यांची वाढ जोमाने झाली. 1937 साली परतूरला महाराष्ट्र परिषद भरली, कानडी मंडळींची कर्नाटक परिषदही उभी राहिली. तीन भाषांच्या तीन परिषदांत तयार झालेली माणसं पुढे संस्थानाच्या स्वातंत्र्यलढ्यात एकत्र आली. कुणी कुणाची शाखा नव्हतं. ज्या बुर्गुल रामकृष्णरावांनी ती सभा सोडली, ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि 1952 साली हैद्राबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. त्याच फर्ग्युसनमध्ये पी. व्ही. नरसिंहराव शिकले, आणि त्यांनी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'अबला जीवितम्' या नावाने तेलुगुत नेली. आणखी एक नाव घेतो. 9 सप्टेंबर हा तेलंगण सरकारचा भाषा दिन. तो काळोजी नारायणराव या तेलुगु लोककवीचा जन्मदिवस. 1914 साली जन्मलेल्या काळोजींचे वडील मराठी, आई कन्नड. ज्या माणसाच्या नावाने तेलंगणची तेलुगु साजरी होते, त्याच्या घरात तीन भाषांची पेरं एकत्र आली होती.

हे सगळं आपल्यासाठी महत्त्वाचं का, ते आता सांगतो. 1 नोव्हेंबर 1956 रोजी पाच मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. हैद्राबादेतली मराठी घरं इथेच राहिली. आदल्या दिवशीपर्यंत आपण एका त्रैभाषिक राज्याच्या राजधानीतले होतो, दुसऱ्या दिवशी आपण अल्पसंख्य झालो. तेव्हापासून आपल्या मनात एक चित्र घट्ट बसलं आहे: आपण म्हणजे तुटलेली फांदी. झाड पुण्यामुंबईत, पाळंमुळं तिकडे, इथे फक्त पानं टिकवून धरायची. लग्नात, बारशात कुणी विचारतं, "तुमचं मूळ गाव कोणतं?" आणि चार पिढ्या काचीगुड्यात, सुलतान बाजारात, बरकतपुऱ्यात गेलेला माणूसही ज्या गावी त्याचं एकही घर उरलेलं नाही त्या गावाचं नाव सांगतो.

या चित्राचा सर्वांत जास्त त्रास मुलांना होतो. नात 'मी आली' म्हणाली की आजोबा म्हणतात, मराठी बिघडली. नातू मित्राशी तेलुगुत, आईशी मराठीत, शाळेत इंग्रजीत आणि रिक्षावाल्याशी दख्खनीत बोलतो, आणि आपण म्हणतो, याला एकही भाषा धड येत नाही. झाडाच्या हिशेबाने तो शेंड्याकडचा, मुळापासून सर्वांत लांब, म्हणून सर्वांत कमी मराठी. दूर्वेच्या हिशेबाने तो चार काशा जिथे मिळतात ते पेर आहे. जगात अशा जोडणाऱ्या माणसांची गरज आहे आणि आपण त्यांना घरातच कमीपणा शिकवतो. मग ती मुलं मराठीपासून दूर गेली, तर तो दोष तेलुगुचा किंवा इंग्रजीचा कसा म्हणायचा?

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. "जाळं, जाळं म्हणत मराठी सोडून द्यायची का? सगळंच जोडलेलं असेल तर आपलं असं काय उरलं?" त्याचं उत्तर पुन्हा हराळीत आहे. हवेत लोंबकळणारं पेर रुजत नाही, ते वाळतं. मूळ धरायला त्याला माती लागते. मराठी घरात बोलली जाणं, वाचली जाणं, लिहिली जाणं ही ती माती. ज्याच्याकडे मराठीच नाही तो मराठीला कशाशीच जोडू शकणार नाही. कुपवाडचे लोक जोडले गेले आणि तरी वेगळे राहिले, कारण प्रत्येकाने घरातली भाषा चालू ठेवली. पण उलट बाजूही तितकीच खरी. फक्त पुण्याच्या मेनमधून येणाऱ्या पाण्यावर अवलंबून राहिलो, तर आपण लाइनीचं शेवटचं टोक ठरतो, आणि टोकाच्या पाण्याचं काय होतं ते मघाशी पाहिलं. पुण्याची लाइन हवीच. तिच्या जोडीला शेजारच्या लाइनींचे व्हॉल्व्हही उघडले पाहिजेत.

म्हणून मंडळापुढे आणि आपल्या सर्वांपुढे दोन-तीन साध्या सूचना ठेवतो.

पहिली, प्रत्येक घराने वंशवृक्षाच्या जोडीला एक नकाशा तयार करावा. एका पानावर मावेल एवढाच. घरात कोणकोणत्या भाषा बोलल्या गेल्या? आजीला तेलुगु कुणी शिकवलं? आजोबांची शाळा उर्दू माध्यमाची होती का? कोणता पदार्थ कोणत्या शेजारणीकडून आला? भोंडल्याच्या आणि बतुकम्माच्या फेरात घरातल्या कोण कोण उभ्या राहिल्या? मोडीतली किंवा उर्दूतली कागदपत्रं कुठे आहेत? ही माहिती कुठल्याही मराठी किंवा तेलुगु इतिहासाच्या पुस्तकात मिळणार नाही. ती ज्यांना आठवते ती माणसं आज पुढच्या रांगेत बसली आहेत, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये. मागच्या रांगेतल्यांनी पुढच्या रांगेतल्यांकडे वही घेऊन बसावं, एवढीच विनंती. जमलेली पानं मंडळाने एका कपाटात ठेवावीत आणि कुणालाही वाचू द्यावीत.

दुसरी, पुढच्या स्मरणिकेपासून दर वर्षी निदान एक तेलुगु किंवा दख्खनी कथा मराठीत यावी आणि ती आपल्याच एखाद्या मुलाने किंवा मुलीने अनुवादित केलेली असावी. पी. व्हीं.नी आपट्यांना तिकडे नेलं. आपण सुरवरम प्रतापरेड्डींना इकडे किती आणलं? हे काम पुण्यातल्या लेखकाला जमणार नाही. ते आपल्या घरात वाढलेल्या, दोन्ही भाषा कानात असलेल्या मुलांनाच जमेल. आणि अनुवाद करायला बसलं की मराठी आपोआप सुधारते, त्यासाठी वेगळे वर्ग लागत नाहीत.

तिसरी, उत्सवातली एक संध्याकाळ शेजाऱ्यांसाठी ठेवावी. पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत बसवून हार घालण्यापुरती नव्हे, व्यासपीठावर बोलण्यासाठी, त्यांच्या भाषेत. 1921 च्या त्या सभेचं उत्तर म्हणून एवढं तरी आपल्याकडून व्हावं.

गणेशोत्सवाला 1893 साली लोकमान्यांनी सार्वजनिक रूप दिलं, पण त्याची मुख्य कचेरी कुठेच नाही. खैरताबादला 1954 साली एक फूट उंचीच्या मूर्तीने सुरू झालेल्या गणपतीला पुण्याच्या कुणाची परवानगी लागली नव्हती, आणि आज तो सगळ्या शहराचा आहे. आपला गणपतीही तसाच, इथल्या मातीचा. नकाशाचं कोरं पान उद्यापासून आरतीच्या वेळी प्रवेशद्वाराशी मिळेल. अनंत चतुर्दशीपर्यंत भरून आणावं. मराठीत लिहिता आलं तर उत्तमच. नाही आलं तर तेलुगुत, उर्दूत, इंग्रजीत, ज्या भाषेत येईल त्या भाषेत लिहावं. वाचून घ्यायला इथे कुणी ना कुणी नक्की सापडेल.

 गणपती बाप्पा मोरया!